कोरेगाव ते कोहिनूर

पुण्याहून मिरजेकडे जाणारा रेल्वेमार्ग १९७१ च्या सुमारास मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला. तोवर कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर अशा स्टेशनांवर चढलेल्या माणसाला मुंबई गाठायची तर पुण्यात उतरून गाडी बदलावी लागे. डोक्यावर वळकटी, हातात पत्र्याची पेटी, पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी अशा थाटात हा माणूस पुण्याचा फलाट ओलांडे, मुंबईच्या गाडीत शिरे आणि परळ-लालबागच्या एखाद्या गाळ्यात जाऊन टेके. त्याच १९७१ साली मुंबईत ‘सोंगाड्या’ लागला. रेल्वेचे रुंदीकरण आणि एक विनोदी सिनेमा यांची ओढूनताणून सांगड घालायचा माझा विचार नाही. पण दोन्हींचे गिऱ्हाईक एकच होते, आणि ‘सोंगाड्या’ची गोष्ट सांगताना बहुतेक जण नेमके त्यालाच विसरतात.

एरवी सांगितली जाते ती गोष्ट चार नावांची: दादा कोंडके, देव आनंद, कोहिनूर टॉकीज, शिवसेना. तिच्यात नाट्य आहे आणि ती खोटीही नाही. मात्र टॉकीजबाहेरची निदर्शने सिनेमाला पडद्यापर्यंत नेतात; पंचवीस पंचवीस आठवडे तिथे ठेवायचे काम तिकीट काढणाराच करतो. तो कुठून आला हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागते.

तमाशाचा उगम कुठला यावर वाद घालणारे घालोत. कृष्णाकाठच्या मातीने त्याला दिलेली माणसे मात्र मोजून दाखवता येतात. वाळवे तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी कुलकर्णीपण सोडून फडात गेले आणि पठ्ठे बापूराव झाले. त्याच तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे बापाबरोबर पायी मुंबईला गेले, गिरणीत राबले, आणि १९४४ साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत लालबावटा कलापथक उभे करून त्यांनी तमाशाचा साचा कामगारांच्या सभांत आणला. बतावणी आणि वग तेच, ढोलकी-तुणतुणे तेच. फक्त वगातला राजा आता सावकार किंवा मंत्री झाला. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस सरकारने तमाशावर निर्बंध घातले, तेव्हा ‘लोकनाट्य’ या सोवळ्या नावाखाली हाच प्रकार पुन्हा उभा राहिला. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकानेही तो उचलला. निळू फुले, राम नगरकर आणि दादा कोंडके तिघेही या सेवादलाच्या मांडवाखालून गेलेले. समाजवादी शिबिरातून बाहेर पडलेल्या या मंडळींनी पुढे पडद्यावर काय काय केले, हे पाहून काही जुन्या सेवादलवाल्यांना घाम फुटला असेल, पण तालीम तिथलीच होती.

दादांचे खरे नाव कृष्णा. जन्म ८ ऑगस्ट १९३२ चा, मुंबईतल्या नायगावचा. घराणे मूळ भोरकडच्या इंगवलीचे. भोवती सगळी गिरणी कामगारांची वस्ती. बँडमध्ये वाजवणे, अपना बाजारात नोकरी आणि संध्याकाळी कलापथक अशी त्यांची उमेदीची वर्षे गेली. गावात न वाढलेला, पण गावाकडच्या माणसांतच वाढलेला हा पोरगा. चाळीत साताऱ्याची, कोल्हापूरची, कोकणची बोली एकाच नळावर ऐकायला मिळते. गावाकडच्या मराठीत नेमके कुठे हसू लपलेले असते, हे गावात राहणाऱ्याला कळत नाही. कळते ते मुंबईत राहून गावाची आठवण काढणाऱ्याला. दादांना ते कळले होते.

वसंत सबनीसांनी ‘छपरी पलंगाचा वग’ लिहिला होता. तोच पुढे ‘विच्छा माझी पुरी करा’ या नावाने १९६५ च्या सुमारास रंगमंचावर आला. ढिला राजा, लबाड प्रधान, रंगेल कोतवाल आणि राजाच्या छपरी पलंगाचा हट्ट धरणारी मैनावती, एवढ्याच ऐवजावर हे लोकनाट्य उभे आहे. कोतवाल दादांचा. सबनीसांची संहिता नेमकी आणि टोकदार, पण तिच्यात मोकळ्या जागा सोडलेल्या. दादा त्या जागी त्या दिवशीचे वर्तमानपत्र कोंबत. आज सकाळी मंत्री जे बोलला ते रात्री कोतवालाच्या तोंडून बाहेर पडे. प्रयोगांची संख्या दीड हजारांच्या पुढे गेली. शिवाजी मंदिरातल्या शिकल्यासवरल्या प्रेक्षकाने ‘विच्छा’ला डोक्यावर घेतले, हे इथे मुद्दाम नोंदवतो, कारण सहा-सात वर्षांनी याच वर्गातले कितीतरी लोक ‘सोंगाड्या’चे नाव काढताच नाक मुरडू लागले. द्व्यर्थी बोलणे तेच होते. नाट्यगृहात ते लोककलेचे पुनरुज्जीवन ठरले आणि टॉकीजमध्ये चावटपणा.

‘विच्छा’चा प्रयोग पाहून आशा भोसले यांनी भालजी पेंढारकरांपाशी दादांचे नाव काढले, अशी हकिगत दादांच्या चाहत्यांत सर्वश्रुत आहे. आशाबाई जन्माने सांगलीच्या, दीनानाथांच्या नाटक कंपनीच्या बिऱ्हाडात वाढलेल्या. रंगमंचावरचा अस्सल माल त्यांना न ओळखता येता तरच नवल. भालजींनी ‘तांबडी माती’त दादांना घेतले. १९६९ चा हा चित्रपट सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार घेऊन गेला. दादांना त्याहून मोठे जे मिळाले ते म्हणजे भालजींचा आधार. स्वतःची चित्रसंस्था काढ आणि स्वतःच चित्रपट कर, हे बळ त्यांना भालजींनी दिले. १९४८ साली गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत ज्यांचा कोल्हापूरचा स्टुडिओ भस्म झाला आणि तरी जे पुन्हा उभे राहिले, अशा माणसाने दिलेला सल्ला होता तो. अपना बाजारातून आलेल्या नटाला धीर यायला तेवढे पुरे.

धीर लागणारच होता, कारण त्या वेळी मराठी सिनेमाचा धंदा कुणालाही घाबरवील असा होता. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’ने पुण्याच्या विजयानंदमध्ये शंभराहून अधिक आठवडे काढले आणि त्यामागून तमाशापटांची रांग लागली. पाटील, नाचणारीण, उद्ध्वस्त संसार, पश्चात्ताप: दहा वर्षांत हा मसाला पार शिळा झाला. शहरातली टॉकीजे हिंदीने व्यापलेली. मराठी चित्र लागलेच तर मॅटिनीला, किंवा हिंदी सिनेमा येईपर्यंतच्या रिकाम्या आठवड्यात.

‘सोंगाड्या’ही सबनीसांनीच लिहिलेला. त्याने ही तमाशापटाची चौकटच उलटी केली, आणि माझ्या मते सबनीसांचे मोठेपण इथे आहे. आधीच्या चित्रांत तमाशा म्हणजे चांगल्या घराला लागलेली कीड. नायक तिथे गेला की बुडाला. इथे नायक नाम्या मुळातच इतका भोळसट की त्याला बुडवायला काही शिल्लकच नाही. खमकी आई आणि तिच्या पदराला धरून वाढलेला हा दांडगा पोरगा. तो तमाशाच्या नादी लागतो, कलावतीवर जीव जडतो, आई घराबाहेर काढते आणि शेवटी त्याचा भोळेपणाच बोर्डावर कामाला येतो. फडात सोंगाड्याचे काम काय? राजाला विचारू नये ते विचारायचे आणि आपण काय विचारले हे आपल्यालाच कळले नाही असा चेहरा करायचा. सबनीसांनी असा माणूस निवडला की ज्याला खरेच कळलेले नाही.

सिनेमाच्या जगात ही युक्ती नवी नव्हती. चार्ली चॅप्लिनच्या १९२८ च्या ‘द सर्कस’मध्ये भटक्या चुकून रिंगणात शिरतो, लोक पोट धरून हसतात, आणि तो जोवर हसवायचा प्रयत्न करत नाही तोवरच हसवू शकतो. स्टुडिओला लागलेली आग आणि घटस्फोटाचा खटला अशा संकटांतून चॅप्लिनने ते चित्र पुरे केले होते. हॅरॉल्ड लॉइडनेही १९२२ साली आजीच्या पदराआड लपणारा भित्रा नातू उभा केला होता. सबनीस किंवा दादा यांनी हे समोर ठेवून लिहिले, असे मी म्हणत नाही. तमाशाच्या बतावणीत हा बावळट शेकडो वर्षे नांदतो आहेच. पण हॉलीवूडच्या मूकपटवाल्यांनी विनोदी नटाबद्दल एक गोष्ट पक्की केली होती: त्याचा पोशाख कधी बदलू नये. चॅप्लिनची ढगळ विजार, लॉइडचा गोल चष्मा. दादांनी नाम्याला गुडघ्यापर्यंतची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी दिली आणि पुढे लोंबणारी लांबलचक नाडी. पुढची पंधरा वर्षे नायकाचे नाव बदलत राहिले, नाडी तीच राहिली.

‘सदिच्छा चित्र’ ही संस्था दादांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे. नायिका उषा चव्हाण, आई रत्नमाला, सोबत निळू फुले. चित्र कृष्णधवल. संगीताला राम कदम. राम कदम मिरजेचे. मिरज म्हणजे एकीकडे अब्दुल करीम खाँसाहेबांची आणि तंबोरे करणाऱ्या कारागिरांची, आणि दुसरीकडे बँडपथकांची, मेळ्यांची, तमाशाच्या थियेटरांची. कदमांच्या चालींत या दोन्ही बाजू नांदतात. ढोलकीचा ठेका धरणाऱ्याला धक्का बसत नाही आणि सुरांचा कान असलेल्यालाही नाक मुरडायला कारण मिळत नाही. ‘सोंगाड्या’ची गाणी सिनेमाच्या आधी गावोगाव पोचली ती लग्नाच्या मांडवातल्या कर्ण्यांवरून. पुढच्याच वर्षी व्ही. शांताराम यांनी ‘पिंजरा’साठी बोलावले ते याच राम कदमांना.

आता कोहिनूर. दादरच्या या टॉकीजमध्ये ‘सोंगाड्या’ लावायचे ठरलेले असताना मालकाने ऐनवेळी देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’ला झुकते माप दिले. विजय आनंद दिग्दर्शित तो चित्रपट ए. जे. क्रोनिनच्या ‘द सिटाडेल’ या कादंबरीवर बेतलेला होता. खाणकामगारांच्या वस्तीत जाणाऱ्या एका आदर्शवादी डॉक्टरची ती कथा. म्हणजे कामगारांवरच्या सिनेमासाठी कामगारांचा सिनेमा बाजूला सारला गेला. हा योगायोग त्या गर्दीत कुणाच्या ध्यानात आला नसणार. मालकाचीही बाजू धंद्याची होती: देव आनंद म्हणजे ठेवलेला पैसा, आणि कोण हा चड्डीवाला कोंडके? दादा बाळासाहेब ठाकरे यांच्याकडे गेले. शिवसेनेला जन्मून तेव्हा जेमतेम पाच वर्षे झालेली. मराठी माणसाला मुंबईत जागा नाही, हा तिचा एकमेव मुद्दा. आणि इथे तर दादरसारख्या वस्तीत मराठी सिनेमालाच जागा नाही, असे आयते उदाहरण चालत आले. शिवसैनिक कोहिनूरवर धडकले. ‘सोंगाड्या’ लागला.

नोकऱ्यांबद्दलचा सेनेचा लढा अर्ज, आकडे, कंपन्यांच्या याद्या यांच्यावर चालायचा. सिनेमाचे तसे नव्हते. दाराबाहेर घोषणा दिल्या आणि आत जाऊन तीन तास हसता आले. राजकारणाचा निकाल त्याच संध्याकाळी हातात पडतो असा प्रसंग विरळा. दादा पुढे सेनेच्या व्यासपीठांवर गेले, निवडणुकीच्या सभा त्यांनी गाजवल्या. सेवादलातून आलेला कलावंत सेनेच्या मंचावर कसा, हा प्रश्न पुण्यातल्या समाजवाद्यांना बोचत राहिला. त्याचे साधे उत्तर कोहिनूरच्या दारात आहे: अडचणीच्या वेळी धावून कोण आले, हे कलावंत विसरत नाही.

पण दार उघडल्यावर आत कोण गेले? दादर, नायगाव, परळ, लालबाग. १९८२ च्या संपाच्या वेळी मुंबईत गिरणी कामगार अडीच लाखांच्या घरात होते, आणि त्यांतले असंख्य सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरीचे. खानावळीत जेवणारे, एका गाळ्यात पाळीपाळीने झोपणारे, बायकामुले गावी ठेवलेले. त्यांच्या करमणुकीला भजन होते, तालीम होती, दामोदर हॉलमधले नाटक होते. हिंदी सिनेमाही ते पाहत, पण त्यातला नायक त्यांच्यासारखा बोलत नसे. ‘सोंगाड्या’त नाम्या ‘आये’ म्हणून हाक मारतो, तेव्हा रात्रपाळी करून आलेल्या माणसाला आपले घर दिसले असेल, असे मला वाटते. आणि म्हणूनच रत्नमालांची आई हा या चित्राचा खरा पाया आहे, नाडी नव्हे. तिच्या धाकामुळे सगळ्या चावटपणाला एक कुंपण पडते. पोरगा कितीही घसरला तरी आई कानफटात देणारच, ही खात्री असल्यावर बायकाही मोकळेपणाने हसतात. दादांच्या नंतरच्या चित्रांत हे कुंपण खिळखिळे झाले आणि विनोदाचा तोल गेला, असे माझे मत आहे. त्यांचे भक्त ते मान्य करणार नाहीत.

हा माणूस चैत्रातल्या जत्रेला, गणपतीला, सुगीला गावी येई आणि येताना सिनेमा तोंडी घेऊन येई. प्रिंट त्याच्या मागून, बऱ्याच महिन्यांनी. चित्राच्या प्रती मोजक्या. त्या आधी मुंबई-पुण्यात चालायच्या, मग साताऱ्या-सांगलीसारख्या जिल्ह्याच्या गावी, मग तालुक्याला, आणि शेवटी टूरिंग टॉकीजच्या तंबूत. तंबूत पोचेस्तोवर प्रिंट इतकी घासलेली असे की पडद्यावर बारमाही पाऊस पडे. कोरेगाव, रहिमतपूर, वाठार, पुसेगाव या टापूतल्या जत्रांतून हे तंबू फिरत. दुपारी बैलगाडीवर किंवा टांग्यावर कर्णा बांधून जाहिरात, रंगीत पत्रकांमागे धावणारी पोरे; अंधार पडल्यावर जनरेटरची घरघर, मध्ये कापड बांधून एका बाजूला बायका आणि एका बाजूला बाप्ये. एकच मशीन असल्याने रीळ बदलताना उजेड होई, शिट्ट्या वाजत, भुईमुगाच्या शेंगांची टरफले उडत. पुसेगावला सेवागिरी महाराजांच्या मार्गशीर्षातल्या यात्रेसारख्या मोठ्या जत्रेत तमाशाचे फड आणि सिनेमाचे तंबू एकाच मैदानात उतरत. एका कनातीत खरा सोंगाड्या, पलीकडच्या तंबूत पडद्यावरचा.

यात हरला तो खरा. फडमालक शहाणे असतात. पब्लिक काय मागते हे त्यांना पहिल्या रात्री कळते. लावणीच्या जागी सिनेमातल्या गाण्यांची फर्माईश होऊ लागली, वग आखडत गेला, रंगबाजी वाढली. तमाशाने सिनेमाला सोंगाड्या दिला आणि सिनेमाने तमाशाला त्याची उसनी नक्कल परत केली, हा हिशेब काही बरोबरीचा झाला नाही. अर्थात एकट्या दादांच्या माथी हे मारणे अन्यायाचे. हिंदी गाणी त्याआधीच कनातीत घुसली होती.

१९७२ चा दुष्काळ या टापूने भोगला. माण-खटाव तर भाजून निघालेच. कोरेगावचा उत्तरेकडचा भाग, सांगलीकडे आटपाडी-जत, सगळीकडे माणसे खडी फोडायला आणि तलावाच्या कामावर गेली. त्याच वर्षी दादांचा ‘एकटा जीव सदाशिव’ आला, पुढच्या वर्षी ‘आंधळा मारतो डोळा’. दुष्काळात माणसे सिनेमाला पैसे कुठून आणत होती, असा प्रश्न शहरी मनाला पडतो. हाताला रोज मिळू लागल्यावर त्यातले चार पैसे हसण्यावर जाणे मला तरी वावगे वाटत नाही. ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव केल्याबद्दल दादांचे नाव गिनीज बुकाशी जोडले जाते. त्या नऊंची सुरुवात या दोन-तीन वर्षांतलीच.

परिणामांची मोजदाद करताना मला दादांपेक्षा इतरांकडे पाहावेसे वाटते. मराठी चित्र चालू शकते हे दिसल्यावर सरकारलाही जाग आली आणि १९७५ च्या सुमारास करमणूक कराच्या परताव्याची योजना आली; निर्मात्याला पुढच्या चित्रासाठी हातात भांडवल पडू लागले. त्यातून चांगली चित्रे निघाली आणि परताव्यावर डोळा ठेवून गुंडाळलेलीही निघाली. १९७५ च्याच ‘पांडू हवालदार’मध्ये दादांबरोबर अशोक सराफ दिसले आणि पुढच्या पिढीचा विनोद कुणाच्या खांद्यावर जाणार ते ठरले. पण दादांचा साचा दादांबरोबरच राहिला. त्यांचे लेखन सबनीसांच्या हातून सुटले, द्व्यर्थी शीर्षके आणि सेन्सॉरशी झटापट हीच जाहिरात होऊन बसली, आणि पटकथेला पाठीचा कणा उरला नाही. १४ मार्च १९९८ ला दादा गेले तेव्हा त्यांच्या नावावर प्रचंड गर्दी होती, परंपरा नव्हती.

सबनीसांचे तसे झाले नाही. ‘विच्छा’ आणि ‘सोंगाड्या’ लिहिणाऱ्या याच लेखणीने १९८८ साली सचिन पिळगांवकरांसाठी ‘अशी ही बनवाबनवी’ लिहिला. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’ची, पुरुषांनी लुगडी नेसून घरमालकाला फसवायचे. हॉलीवूडने हीच गंमत १९५९ च्या ‘सम लाइक इट हॉट’मध्ये केली होती. सबनीसांना त्यासाठी परदेशी जायची गरज नव्हती. गौळणीतली मावशी म्हणजे मिशी काढून पदर घेतलेला बाप्याच, आणि तिच्या तोंडची बतावणी त्यांना पाठ होती. नाम्याचे गाव गेले, पुण्यातला वाडा आला. संप फसल्यावर गिरणीतून सुटलेले कितीतरी जण तोवर गावी परतले होते. टूरिंग टॉकीजचे तंबू विरळ होत चालले होते, आणि ‘बनवाबनवी’ गावोगाव पाहिली गेली ती पुढे गणपतीच्या मांडवात, वर्गणी काढून भाड्याने आणलेल्या व्हीसीआरवर.